गोड्या पाण्याची बादली : समुद्रवेड्या जॅक कूस्तोंची गोष्ट

पाण्याखालचं जग टीव्हीवर आपण सगळ्यांनीच बघितलं आहे. निळंशार पाणी, रंगीबेरंगी मासे आणि पाठीवर सिलिंडर लावून सावकाश तरंगत जाणारा पाणबुड्या. पण हा पाणबुड्या वर आल्यावर काय करतो, ते कोणी दाखवत नाही. वर आल्यावर तो आधी बादली शोधतो. गोड्या पाण्याची बादली! अंगावरचं एकेक उपकरण त्यात भिजवून, धुऊन, पुसून, सावलीत टांगूनच त्याचा दिवस संपतो. कारण सरळ आहे. उद्या त्याला याच उपकरणातून श्वास घ्यायचा असतो.

हे उपकरण जगाला देणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे फ्रान्सचे जॅक-इव्ह कूस्तो. नौदल अधिकारी, संशोधक, सिनेमावाला, लेखक, पर्यावरणवादी अशी त्यांची कितीतरी रूपं आहेत. डोक्यावरच्या लाल लोकरी टोपीमुळे तर ते जगभर ओळखले जायचे. पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या नजरेने त्यांचं आयुष्य वाचलं तर एक वेगळीच गोष्ट दिसते. त्यांच्यावर पाण्याखाली जे जीवघेणे प्रसंग आले त्यात शार्कचा वाटा फार थोडा होता. एखादी नळी, एखादा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनीच त्यांना मृत्यूच्या दारात नेऊन ठेवलं.

जॅकचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युबझाक या छोट्या गावी झाला. लहानपणी तब्येत तोळामासाच. वडिलांच्या नोकरीमुळे घरचं बिऱ्हाड सारखं हलतं असायचं. त्यातली काही वर्षं अमेरिकेत गेली. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात या पोराला तळ्याच्या तळाशी अडकलेल्या फांद्या काढायच्या कामाला लावलं. शिक्षा म्हणून असेल किंवा शिस्त म्हणून असेल, पण श्वास रोखून पाण्याखाली काम करायची पहिली सवय तिथे लागली. पुढे तेराव्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशांतून एक सिनेमाचा कॅमेरा विकत घेतला, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर तो खोलून बघितला! आपल्यापैकी अनेकांनी घरातला रेडिओ असाच खोललेला असतो. फरक एवढाच की जॅकने तो परत नीट जोडला. शाळेत मात्र स्वारीचं लक्ष नव्हतं. खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल एका शाळेतून नावही काढलं गेलं.

१९३० साली तो ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाला. खरी ओढ विमानाची होती आणि वैमानिकाचं प्रशिक्षणही सुरू झालं होतं. पण १९३६ साली रात्रीच्या वेळी मोटारीला भयंकर अपघात झाला आणि दोन्ही हात मोडले. विमान चालवायचं स्वप्न तिथेच संपलं. हातात पुन्हा ताकद यावी म्हणून तूलाँजवळच्या समुद्रात रोज पोहणं सुरू केलं. तिथे फिलिप तायिए या नौदलातल्या मित्राने पाण्याखाली बघायचा एक साधा चष्मा दिला. तो डोळ्यांवर चढवून कूस्तोंनी पाण्यात डोकं घातलं, आणि ज्या समुद्रावर ते इतकी वर्षं बोटीने फिरले होते त्याच्या आत काय आहे ते पहिल्यांदा दिसलं. तो दिवस आयुष्याला वळण देणारा ठरला. १९३७ मध्ये सिमोन मेल्कियोर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सिमोन यांचे वडील एअर लिक्विड या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. हे नातं पुढे फार उपयोगी पडणार होतं.

आता प्रश्न एकच होता : पाण्याखाली जास्त वेळ राहायचं कसं? एका दमात माणूस थांबून थांबून किती थांबणार? डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण, पायात शिशाचे बूट आणि वरून पंपाने येणारी हवा अशी सोय होती, पण त्यात माणूस तळावर चालायचा, पोहू शकायचा नाही. म्हणून कूस्तो, तायिए आणि त्यांचा तिसरा मित्र फ्रेदेरिक ड्यूमा यांनी मिळेल ते करून बघायला सुरुवात केली.

आधी शुद्ध ऑक्सिजनचं उपकरण. जहाजावरच्या कारागिराकडून गॅस मास्कचा डबा आणि मोटारसायकलची ट्यूब वापरून ते बनवून घेतलं. साधारण १४ मीटर खोलीवर कूस्तोंना अचानक झटके येऊ लागले. कमरेचं वजन सोडून ते कसेबसे वर आले. उपकरणात सुधारणा करून पुन्हा उतरले, पुन्हा तेच. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो, हे त्यांना स्वतःच्या शरीरावर कळलं. मग वरून नळीने हवा घ्यायचा प्रयोग. १२ मीटरवर असताना ती नळी तुटली. नळी तुटली की फक्त हवा बंद होते असं नाही, वरचा कमी दाब फुप्फुसातली हवा खेचून घेऊ लागतो. कूस्तो थोडक्यात वाचले. पुढे ड्यूमांवरही त्याहून जास्त खोलीवर हाच प्रसंग आला. एका रबरी नळीची किंमत काय असते हे या दोघांना चांगलंच ठाऊक झालं होतं.

१९४२ च्या डिसेंबरात कूस्तो पॅरिसला गेले. सासऱ्यांच्या ओळखीने त्यांची एअर लिक्विडमधल्या एमिल गान्यां या इंजिनिअरशी गाठ पडली. युद्धाचे दिवस, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आणि पेट्रोलचा ठणठणाट. मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक छोटा व्हॉल्व्ह तयार केला होता. इंजिनला जेवढा गॅस हवा तेवढाच तो आपोआप सोडायचा. कूस्तोंना नेमकं हेच हवं होतं, फक्त इंजिनच्या जागी माणसाचं फुप्फुस! मागणीनुसार हवा देणारं असं यंत्र फ्रान्समध्येच रुकेरोल आणि दनेरूझ यांनी १८६० च्या दशकात बनवलं होतं, पण त्या काळात जास्त दाब सहन करणारे सिलिंडर नव्हते. आता होते.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना यंत्र झकास चाललं. पण उभं राहिलं की हवा भसाभस वाहून जायची आणि डोकं खाली केलं की श्वासच ओढवेना. दोघेही निराश होऊन परत निघाले. वाटेत विचार करता करता कारण सापडलं. श्वास सोडायचा व्हॉल्व्ह आणि श्वास देणारा डायफ्रॅम यांच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर होत्या. उभं राहिलं की दोन्हींमध्ये साधारण १५ सेंटिमीटर पाण्याचा फरक पडायचा आणि तेवढ्या दाबफरकाने यंत्राचं गणित बिघडायचं. मॅनोमीटरचं प्रॅक्टिकल आठवून बघा! उपाय साधा निघाला. सोडलेली हवा दुसऱ्या नळीने परत मागे आणून डायफ्रॅमच्या शेजारीच बाहेर काढायची. जुन्या फोटोंत पाणबुड्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन जाड वळ्यावळ्यांच्या नळ्या दिसतात, त्यामागचं कारण हे.

जून १९४३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बांदोल स्टेशनवर एक लाकडी खोकं आलं. तीन सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या. कूस्तो जवळच्या एका निवांत खाडीत उतरले. वर पाण्याच्या पृष्ठभागावर सिमोन मास्क लावून नजर ठेवून होत्या आणि काही बिघडलंच तर उडी मारायला ड्यूमा किनाऱ्यावर तयार होते. कूस्तोंनी पाण्याखाली कोलांट्या मारल्या, डोकं खाली करून उभे राहिले, पाठीवर झोपले. यंत्राने प्रत्येक अवस्थेत बिनबोभाट हवा दिली. माणूस पहिल्यांदाच माशासारखा मोकळा पोहला. त्या उन्हाळ्यात या मंडळींनी शेकडो बुड्या मारल्या आणि ऑक्टोबरात ड्यूमा ६० मीटरच्याही खाली जाऊन आले. या यंत्राला पुढे अ‍ॅक्वालंग हे नाव पडलं. गान्यां १९४७ मध्ये कॅनडात स्थायिक झाले. त्यांचं नाव कूस्तोंइतकं गाजलं नाही, आपण मात्र ते लक्षात ठेवायला हवं.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तूलाँ इथे नौदलाचा पाण्याखालच्या संशोधनाचा गट उभा राहिला. समुद्रात पेरलेले सुरुंग काढणं, बुडालेली जहाजं शोधणं ही कामं सुरू झाली. आणि मग आला २७ ऑगस्ट १९४६. दक्षिण फ्रान्समध्ये वोक्लूझ नावाचा एक प्रचंड झरा आहे. वर्षातून एकदा तो डोंगराच्या पोटातून उफाळून येतो. त्याचं गूढ उकलायला कूस्तो आणि ड्यूमा दोरी धरून अंधाऱ्या विवरात उतरले. खोलवर गेल्यावर दोघांचीही डोकी चालेनाशी झाली. काय करायला आलो हेच आठवेना. ड्यूमांच्या तोंडातून हवेची नळी सुटली. कूस्तो त्यांना धरून दोरीने वर चढू लागले, पण वरच्या साथीदाराला दोरीचे इशारे उलटे समजले आणि तो दोर आणखी सैल सोडत राहिला. शेवटी कसाबसा योग्य इशारा पोचला आणि दोघे वर खेचले गेले. त्यानंतर तायिए दुसऱ्या साथीदाराबरोबर उतरले, त्यांचीही तीच गत झाली.

कारण काय असेल? सगळ्यांना वाटलं, खोलीवर नायट्रोजनची धुंदी चढते तीच ही. पण लक्षणं जुळत नव्हती. तूलाँला परतल्यावर सिलिंडरमध्ये उरलेली हवा तपासली तेव्हा उलगडा झाला. हवा भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनचा धूर आत ओढत होता! सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरला गेला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. जमिनीवर जे प्रमाण माणूस काही काळ सोसेल तेच खोल पाण्यात घातक होतं, कारण ५० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या ६ पट असतो आणि त्या वायूचा आंशिक दाबही तितकाच वाढतो. विवर, अंधार, थंडी, प्रवाह या सगळ्यांची तयारी झाली होती. राहिलं होतं ते हवा आत ओढणारं तोंड कुठे आहे हे बघायचं.

पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९४७ रोजी, त्या दिवशी दोर धरणारे मोरिस फार्ग स्वतः खोलीचा विक्रम करायला उतरले. १२० मीटरवरच्या पाटीवर त्यांची सही सापडली, पण वर आला तो निष्प्राण देह. हवेची नळी तोंडातून सुटून लोंबत होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं, माणसाची मर्यादा ओलांडली गेली होती. अ‍ॅक्वालंगने मरण पावलेला हा या गटातला पहिला सहकारी. त्यानंतर गटाने साध्या हवेवर ९० मीटर ही शेवटची हद्द मानली. आज हौशी पाणबुड्यांसाठी ती ४० मीटर आहे.

कूस्तोंच्या आयुष्याचा पुढचा भाग म्हणजे कॅलिप्सो. अमेरिकेत १९४२ साली ब्रिटिश नौदलासाठी बांधलेलं हे लाकडी जहाज सुरुंग काढायच्या कामाचं. युद्धानंतर ते माल्टा आणि गोझो या बेटांमध्ये प्रवासी ने-आण करत होतं. १९५० साली लोएल गिनेस या श्रीमंत ब्रिटिश गृहस्थांनी ते विकत घेतलं आणि वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने कूस्तोंना दिलं. जहाज मिळालं, पण त्याला संशोधन नौकेचं रूप द्यायला पैसे कुठे होते? सिमोन यांनी स्वतःचे दागिने विकले. पुढची चाळीस वर्षं त्या नवऱ्यापेक्षाही जास्त काळ या जहाजावर राहिल्या. स्वयंपाकघर, सामान, आजारी खलाशी, कुरकुरणारे पाणबुडे, सगळं त्यांनी सांभाळलं. पडद्यावर त्या फारशा दिसत नाहीत, पण कॅलिप्सो चालत होती ती त्यांच्यामुळे.

१९५१ च्या नोव्हेंबरात कॅलिप्सो तांबड्या समुद्राकडे निघाली. आता जरा विचार करा. वर कडक ऊन, खाली खारट पाणी, जहाजावर गोडं पाणी मोजून मापून, आणि रोजच्या बुड्या. अशा मोहिमेत उपकरणांचं काय होतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. उपकरण तसंच वाळू दिलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. त्याचे खडे व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतात, ओ-रिंगवर घासतात, डायफ्रॅमच्या कडेला अडकतात. हवा हळूहळू गळू लागते किंवा श्वासाबरोबर पाण्याचे थेंब तोंडात येतात. पितळी भागांवर हिरवा कळंक चढतो. स्टेनलेस स्टीलवर जो संरक्षक थर असतो तो क्लोराइडमुळे ठिकठिकाणी फुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मटेरिअल सायन्समध्ये पिटिंग कोरोजन म्हणून दोन मार्कांना येतं ते हेच! म्हणून पहिला नियम असा : मीठ वाळायच्या आत उपकरण गोड्या पाण्यात गेलं पाहिजे. एकदा खडे धरले की नुसतं पाणी ओतून ते जात नाहीत, कोमट पाण्यात बराच वेळ भिजत ठेवावं लागतं. बोटीवर पाणी कमी असेल तर निदान सगळं ओलं आणि सावलीत ठेवावं, म्हणजे मीठ घट्ट बसणार नाही. मास्क आणि कॅमेऱ्यासाठी बादली वेगळी ठेवावी, वाळूने भरलेले बूट तिच्यात टाकू नयेत.

धुण्याचीही पद्धत आहे. रेग्युलेटर सिलिंडरवरून काढला की आधी त्याची छोटी टोपी कोरडी करून घट्ट बसवायची, मगच पाण्यात. नाहीतर धुवायला गेलो आणि पाणी सरळ आतल्या भागात शिरलं असं होतं. भिजत असताना तोंडाकडच्या भागावरचं बटण दाबायचं नाही. आत हवेचा दाब नसेल तर त्या बटणाने व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी नळीतून मागे जातं. कूस्तोंच्या काळातल्या दोन नळ्यांच्या यंत्रात तर धुताना रेग्युलेटरची पेटी वर आणि तोंडाचा भाग खाली धरावा लागे, म्हणजे पाणी पेटीत न जाता निथळून बाहेर येई. तरंगायच्या जॅकेटच्या आतही समुद्राचं पाणी जातं, म्हणून आतून गोडं पाणी फिरवून ओतायचं आणि अर्धवट फुगवून वाळवायचं. वेटसूट उलटा करून, जाड हँगरवर, सावलीत. उन्हाने रबर कडक होतं आणि भेगाळतं.

सिलिंडर कधीही पूर्ण रिकामा करायचा नाही. थोडा दाब आत राहिला की बाहेरची दमट हवा शिरत नाही. स्टीलच्या सिलिंडरमध्ये ओलावा राहिला तर गंज चढतो, आणि गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं. म्हणजे महिनोन् महिने पडून राहिलेल्या सिलिंडरमध्ये दाब दिसेल, पण श्वासाला पुरेसा ऑक्सिजन असेलच असं नाही. म्हणून सिलिंडर ठराविक काळाने आतून तपासायचा, पाण्याच्या दाबाने त्याची चाचणी करायची आणि रेग्युलेटरची सर्व्हिसिंग जाणकाराकडूनच करून घ्यायची. यातलं एकही काम अवघड नाही. फक्त ते थकल्यावर करायचं असतं, आणि तिथेच सगळे चुकतात.

१९५३ मध्ये कूस्तो आणि ड्यूमा यांचं 'द सायलेंट वर्ल्ड' हे पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. त्याच नावाच्या सिनेमाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पाठोपाठ ऑस्करही. त्यात त्यांचे सहदिग्दर्शक होते तरुण लुई माल. या सिनेमाचं बरंच चित्रीकरण तांबड्या समुद्रात आणि आपल्या हिंदी महासागरात झालं. आज तो बघताना काही प्रसंग खटकतात. मासे मोजायला प्रवाळात सुरुंग उडवला आहे, संतापलेले खलाशी शार्क मारताना दिसतात. १९५४ साली पैशांसाठी कॅलिप्सोने अबू धाबीजवळ समुद्रात तेल शोधायचं कामही केलं होतं. कूस्तो जन्मतः पर्यावरणवादी नव्हते, हे मोकळेपणाने सांगायला हवं. उपकरणांची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला समुद्राचीही काळजी घ्यावी लागते हे उमगायला वेळ लागला. पण उमगल्यावर मात्र ते थांबले नाहीत. १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायच्या योजनेविरुद्ध त्यांनी जाहीर आवाज उठवला आणि ती योजना मागे पडली. १९७३ मध्ये त्यांनी कूस्तो सोसायटी स्थापन केली.

दरम्यान प्रयोग चालूच होते. १९५९ मध्ये बशीच्या आकाराची दोन माणसांची पाणबुडी. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ शाब रूमी इथे पाण्याखाली घर बांधून पाच जण १० मीटर खोलीवर महिनाभर राहिले! त्या वस्तीचे काही अवशेष प्रवाळांनी मढून आजही तिथे उभे आहेत. १९६८ पासून त्यांची टीव्ही मालिका सुरू झाली आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशांच्या घरात समुद्र आला. १९८५ मध्ये उभ्या पोकळ खांबासारखी, पंख्याने हवा ओढून घेणारी नव्या प्रकारची शिडं लावलेलं आल्सियोन हे जहाज त्यांनी पाण्यात उतरवलं. वय वर्षं ७५!

पण याच काळात सगळ्यात मोठा घाव बसला होता. २८ जून १९७९ रोजी धाकटा मुलगा फिलिप पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ उभयचर विमानाच्या अपघातात गेला. दुरुस्तीनंतरची चाचणी चालू होती. फिलिप अवघ्या ३८ वर्षांचा होता आणि वडिलांच्या कामाचा वारस मानला जात होता. १९९० मध्ये सिमोनही गेल्या.

८ जानेवारी १९९६ रोजी सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. काही दिवसांनी तिला वर काढण्यात आलं. नवं जहाज बांधायच्या तयारीत असतानाच २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कूस्तोंचं निधन झालं. जन्मगावीच त्यांना मूठमाती देण्यात आली.

कॅलिप्सोची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. तिला फ्रान्सला आणलं आणि मालकी कोणाची, खर्च कोणी करायचा यावर वाद सुरू झाले. वर्षानुवर्षं ती धक्क्यावर उभी राहिली. लाकूड कुजलं, लोखंड गंजलं. २००७ मध्ये दुरुस्ती सुरू झाली, तीही वादात अडकून बंद पडली. २०१६ मध्ये जहाज तुर्कस्तानात हलवलं आणि २०१७ मध्ये तिथे आग लागून आणखी नुकसान झालं. जे जहाज चाळीस वर्षं वादळांत टिकलं ते बंदरात उभं असताना मोडकळीला आलं. कारण समुद्रात असताना रोज कोणीतरी त्याचं डेक धूत होतं, गळती बुजवत होतं, इंजिनला तेल घालत होतं. धक्क्यावर ते हात राहिले नाहीत.

सुट्टीत आपल्यातले काही जण मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा करतात. त्यांना एकच सांगणं. पाण्यात उतरण्यापूर्वी रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या आणि त्या वेळी नजर दाबाच्या काट्यावर ठेवा. काटा हेलकावे खात असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर उतरू नका. वास नसला तरी हवा कुठून भरली, कॉम्प्रेसरचं तोंड कुठे आहे हे विचारायला लाजू नका. वर आल्यावर फोटो काढण्याआधी, जो पोरगा बादलीत तुमचं सामान धुतोय त्याच्याशी दोन शब्द बोला, जमलं तर हातभार लावा. तुमच्यानंतर त्याच नळीतून दुसरं कोणीतरी श्वास घेणार आहे.

आणि समुद्र लांबच राहिला, आपल्या वर्कशॉपचं काय? जॉब संपला की लेथवरची चिप्स तशीच टाकून आपण मेसकडे पळतो. व्हर्निअर ओल्या हाताने पेटीत टाकतो. मग पुढच्या बॅचची रीडिंग चुकली की दोष इन्स्ट्रुमेंटला! लॅब असिस्टंट काका रोज संध्याकाळी एकेक मशीन पुसून, तेलाचा हात फिरवून झाकून ठेवतात, म्हणून सकाळी आपलं प्रॅक्टिकल होतं. कूस्तोंसारखा शोध आपल्या हातून लागेल की नाही कोण जाणे, पण काकांच्या हातातलं फडकं पाच मिनिटं आपल्या हातात घ्यायला कोणाची ना नाही. बघा, येत्या सोमवारच्या प्रॅक्टिकलपासून जमतंय का!